जुन्या मोटारीची जन्मपत्रिका

सातारचें आमचें वडिलोपार्जित घर विकलें त्यास आतां तीन वर्षें झालीं. वांटण्या कज्जाखटल्यावांचून झाल्या, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. कारण घर बांधण्याहून तें वांटणें किती अवघड, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आमच्या वडील बंधूंनीं आपल्या वांट्यांतील कांहीं भाग अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीस असलेल्या आपल्या मुलास देऊन टाकला. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्या पुतण्याकडे दोन महिने राहावयास निघालों, तेव्हां दादांनीं आम्हांस एकीकडे बोलावून सांगितलें, "तिकडे जातोच आहेस, तर एक काम कर. त्या पैशांतून तो साठ वर्षांची जुनी मोटार घ्यावयाची म्हणतो. नवी घेता तर मीं चकार शब्द काढला नसता. पण जुनी, आणि ती नवीहून महाग! तूं स्वतः पाहा आणि मला कळव. पैसे त्याचे आहेत, पण ते घराचे होते."

मोटारीविषयीं आमचें ज्ञान ती चालू झाली कीं नाहीं एवढें ओळखण्यापुरतेंच आहे. तरी वडील बंधूंची आज्ञा. ती शिरीं घेऊन आम्ही विमानांत बसलों. त्या दोन महिन्यांत जें पाहिलें व ऐकलें तें ह्या खेपेस वाचकांस सादर करीत आहों. बाजार दूर देशींचा असला, तरी त्यांतले पेंच आमच्या वाचकांच्या माजघरांत अगदींच अनोळखी वाटणार नाहींत.

प्रथम नांवाविषयीं. ह्या गाड्यांस तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. पण 'स्नायुगाडी' म्हटल्यास एखाद्या दुखण्याचें नांव वाटेल, म्हणून आपण तिला पैलवान गाडी म्हणूं. मध्यम आकाराची, दोन दारांची, दिसावयास साधीच गाडी, आणि तिच्या पोटांत थोरल्या गाडीचें आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन, अशी ही जात. ती जेमतेम दहा वर्षें जगली. पुतण्याचें मन जिच्यावर बसलें होतें, ती ह्या जातीची मूळ पुरुष म्हणून समजली जाणारी पॉन्टिॲक कंपनीची 'जीटीओ' होती, साल १९६५.

पोहोंचल्यावर आठवड्याच्या आंतच त्यानें आम्हांस ती दाखवावयास नेलें. डेट्रॉइट शहराच्या पश्चिमेस तासाभराच्या वाटेवर एक लहानसें गांव. विकणारे गृहस्थ ऐंशीच्या घरांतले, मोटारींच्या कारखान्यांत जन्म काढून निवृत्त झालेले. पत्नी दोन वर्षांपूर्वीं निवर्तल्या होत्या. आतां ते ओहायो राज्यांत लेकीकडे राहावयास जाणार, आणि लेकीच्या घरीं आणखी एक मोटार ठेवावयास जागा नव्हती. गॅरेजचें दार वर सरकलें आणि आंत गडद निळ्या रंगाची ती गाडी दिसली. कांहीं तरी भडक पाहावयास मिळेल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत ती एखाद्या घरंदाज शिसवी कपाटासारखी नीटस आणि शांत उभी होती. पुढच्या जाळीवर तीन अक्षरें होतीं, बस्स. म्हाताऱ्याबुवांनीं किल्ली फिरविली, आणि भिंतींतल्या फळीवर ठेवलेले डबे थरथरूं लागले. आमच्या मंडळी दोन पावलें मागें सरल्या. पुतण्या दोन पावलें पुढें सरला. त्याच्या तोंडाकडे पाहून आम्हीं मनांत म्हटलें, दादा, हें प्रकरण आतां आपल्या हातीं राहिलेलें नाहीं.

आम्हांस मात्र गाडीपेक्षां दुसरीच एक वस्तु आवडली. १९८८ सालीं गाडी विकत घेतली त्या दिवसापासून म्हाताऱ्याबुवांनीं तिची एक वही ठेवली होती. तेल केव्हां बदललें, किती मैल झाले, कोणता भाग कोठून कितीस आणला, सर्व तारीखवार. मधूनच 'मुलीच्या लग्नांत नेली', 'पाऊस. बाहेर काढली नाहीं', असेहि शेरे. आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या जशा असत तशीच ही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत गाडीचें साल आणि नांव लिहिलेलें होतें. किंमत त्यांनीं ४६,००० डॉलर सांगितली, आणि कोणताहि आव न आणतां असेंहि सांगितलें कीं, दक्षिणेकडील एका राज्यांतील एक गिऱ्हाईक केवळ छायाचित्रें पाहून ४४,००० देण्यास तयार आहे. पुतण्यानें चार दिवसांची मुदत मागितली, ती त्यांनीं दिली.

परत येतांना आम्हीं त्यास विचारलें, "अरे, एवढ्या पैशांत नवी कोरी उत्तम मोटार येते ना?" तो म्हणाला, "येते, काका. पण ती दहा वर्षांनीं भंगार होईल." आमचें समाधान झालें नाहीं, हें ओळखून त्यानें त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हांस सगळा इतिहास ऐकविला.

ह्या गाडीचा जन्म एका नियमास बगल देण्यांतून झाला, ही त्यांतली मौज. पॉन्टिॲक ही जनरल मोटर्स ह्या मोठ्या संस्थेची एक शाखा. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांपेक्षां, म्हणजे सुमारें ५.४ लिटरपेक्षां, मोठें इंजिन बसवूं नये, असा त्या संस्थेचा दंडक होता; शिवाय १९६३ च्या आरंभीं तिनें आपल्या शाखांस शर्यतींपासूनहि दूर राहावयास सांगितलें. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, थोरल्या गाडींतलें ३८९ घन इंचांचें इंजिन मधल्या गाडींत सहज बसतें, कारण पॉन्टिॲकचीं लहान-मोठीं इंजिनें बाहेरून एकाच मापाचीं. अडचण दंडकाची. तो दंडक नव्या गाडीच्या नमुन्यास लागू होता. गिऱ्हाइकानें मागून घेतलेल्या जादा सामानास लागू नव्हता. तेव्हां १९६४ सालच्या गाड्यांत त्यांनीं नवी गाडी म्हणून कांहीं काढलेंच नाहीं. 'ल मान्स' ह्या चालूं गाडीवर सुमारें तीनशें डॉलरांचें जादा सामान घ्या, त्यांत हें इंजिन येईल, आणि गाडीवर जीटीओ हीं अक्षरें लागतील, एवढेंच जाहीर केलें. तीं अक्षरेंहि इटलीच्या फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेलीं. पांच हजार खपल्या तर पुष्कळ, असा विक्रीखात्याचा अंदाज होता. पहिल्या वर्षीं ३२,४५० खपल्या, दुसऱ्या वर्षीं ७५,३५२. मग दुसऱ्या कंपन्या कशाला मागें राहतात! शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ, सर्वांनीं आपापले पैलवान आखाड्यांत उतरविले, आणि १९७० पर्यंत इंजिनांचा आकार सात लिटरांच्याहि पुढें गेला.

पुढें विमेवाल्यांनीं तरुण मालकांवर जबर हप्ते बसविले. १९७० सालीं हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७१ पासून इंजिनांचा जोर मुद्दाम उतरविण्यांत आला. आणि १९७३ सालच्या तेलटंचाईनें उरलेसुरलें काम उरकलें. १९७४ नंतर ही जुनी जीटीओ बंद पडली. प्लिमथ हें नांव २००१ सालीं आणि पॉन्टिॲक २०१० सालीं बंद झालें. गाड्या राहिल्या, गाड्यांचे जन्मदाते गेले.

आतां ह्यांचा बाजार. दर वर्षीं जानेवारींत ॲरिझोना राज्यांत स्कॉट्सडेल येथें आणि फ्लॉरिडांत किसिमी येथें मोठे लिलांव भरतात. पुतण्यानें आम्हांस त्यांचीं चित्रें दाखविलीं. एखाद्या साखरपुड्यास यावें तशी नटूनथटून मंडळी जमलेली, आणि लिलांव पुकारणारा इतक्या वेगानें बोलत होता कीं सत्यनारायणाची पोथी उरकणारे आमचे गुरुजी त्यापुढें मंद ठरावेत. प्लिमथ कंपनीची 'हेमी कुडा' म्हणून एक गाडी आहे. तिचें ४२६ घन इंचांचें हेमी इंजिन घ्यावयाचें तर नवेपणीं जवळजवळ नऊशें डॉलर जादा पडत, आणि विमा निराळाच. म्हणून फारसें कोणी घेईना. उघड्या टपाची, हेमी इंजिनाची अशी गाडी १९७१ सालीं अवघ्या अकरा जणांनीं घेतली. त्या अकरांतील एक २०१४ च्या जूनमध्यें सिॲटल येथील लिलांवांत ३५ लाख डॉलरांस गेली. तशीच 'सुपरबर्ड' ही १९७० सालची गाडी. शर्यतीच्या नियमांसाठीं सुमारें एकोणीसशें काढणें भाग पडलें. पुढें लांब चोंच, मागें माणसाच्या छातीइतका उंच पंख. लोक पाहून हंसत. दुकानांत त्या पडून राहिल्या, आणि कांहीं दुकानदारांनीं तर चोंच व पंख काढून साध्या गाडीचें तोंड बसवून त्या विकल्या. आज तीच चोंच मूळची आहे कीं नाहीं हें भिंगांतून पाहतात. त्या वेळीं जें खपलें नाहीं तें आज दुर्मिळ, आणि दुर्मिळ तें महाग. ह्यांत शहाणपण कोणाचें म्हणावें हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

एक हकीकत मात्र आम्हांस मनापासून आवडली. 'बुलिट' नांवाच्या १९६८ सालच्या चित्रपटांत नट स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनीं चालविलेली हिरवी मस्टँग गाडी १९७४ सालीं न्यू जर्सी राज्यांतील एका कुटुंबानें मासिकांतली जाहिरात पाहून थोड्या हजार डॉलरांस घेतली. घरची गाडी म्हणूनच ती वापरांत होती. गृहिणी शिक्षिका होत्या, त्या तिच्यांतून शाळेंत जात. १९७७ सालीं खुद्द मॅक्वीन ह्यांनीं पत्र पाठवून ती परत मागितली. कुटुंबानें दिली नाहीं. १९८० च्या सुमारास क्लच गेला, गाडी उभी राहिली, आणि जवळजवळ चाळीस वर्षें घरांतल्या मोजक्या माणसांवांचून कोणास कांहीं कळलें नाहीं. २०२० च्या जानेवारींत तीच गाडी, पोंचे व गंज तसाच ठेवून, किसिमीच्या लिलांवांत ३४ लाख डॉलरांस पुकारली गेली. लिलांवाची दस्तुरी धरून साडेसदतीस लाखांच्या घरांत. तिच्यासारखी, तिच्याहून चकचकीत हिरवी मस्टँग कोणीहि रंगवून घेऊं शकतो. पण तिच्यापाशीं तिचा क्रमांक होता, आणि नटाचें तें पत्र कुटुंबानें जपून ठेवलेलें होतें.

येथें आम्ही मूळ मुद्द्यावर आलों. ह्या बाजारांत लोखंडास किंमत आहे, पण खरी किंमत आहे ती जन्माच्या दाखल्यास. गाडी कारखान्यांतून कोणत्या दिवशीं, कोणतें इंजिन घेऊन, कोणत्या रंगाची निघाली, आणि आज तिच्यांत तेंच इंजिन आहे काय, ह्या प्रश्नांवर किंमत दुप्पट होते किंवा निम्मी होते. 'नंबर जुळतात' असा त्या व्यापारांतला परवलीचा शब्द आहे. आमच्या मंडळी हें ऐकून म्हणाल्या, "म्हणजे पत्रिकाच!" आम्हांसहि तेंच सुचलें होतें, पण त्यांनीं आधीं म्हटलें हें नमूद करतों.

हीं टिपणें प्रत्येक घराण्याचीं निराळीं. प्लिमथ आणि डॉज ह्यांच्या १९७० व १९७१ च्या गाडींत क्रमांकाचें पांचवें अक्षर 'आर' असलें तर ती हेमीची, हें दाराशीं उभें राहूनच कळतें. शिवाय कारखान्यांतले कामगार जोडणीचा कागद पुष्कळदां आसनाच्या स्प्रिंगांतच अडकवून सोडीत. तीस-चाळीस वर्षांनीं गादी उसवतांना तो उंदरांनीं कुरतडलेल्या स्थितींत सांपडतो, आणि मालक तो देव्हाऱ्यांत ठेवावा तसा कांचेंत ठेवतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचीं मूळ टिपणें शाबूत आहेत, त्यांवरून 'मार्टी रिपोर्ट' म्हणून दाखला मिळतो. शेव्हरोलेची गोष्ट बिकट. १९६९ च्या कॅमारो गाडीचा क्रमांक ती सहा सिलिंडरांची कीं आठ एवढेंच सांगतो. ती साधी आठाची होती कीं नांवाजलेल्या 'झेड-२८' पैकीं, हें तो सांगत नाहीं. अमेरिकेंत विकल्या गेलेल्या त्या गाड्यांचीं कंपनीचीं टिपणें हातीं लागत नाहींत. तेव्हां मूळ मालकानें पावती जपली असेल तर भाग्य.

जेथें कागद इतका मोलाचा, तेथें खोटा कागद होणारच. पत्र्याच्या नव्या पट्ट्या जुन्यासारख्या ठोकून मिळतात. साध्या गाडीस पैलवानाचें इंजिन, जाळी आणि अक्षरें लावून तिची 'जीटीओ' करणें तर अगदीं सोपें. उघड सांगून अशी प्रतिकृति विकली तर त्यांत गुन्हा नाहीं; हौशी लोक ती आनंदानें घेतात व चालवितात. गाडीच्या मूळ क्रमांकाशीं खेळ करणें मात्र तेथील मध्यवर्ती सरकारच्या कायद्यानें गुन्हा आहे. मंगळ पुसून टाकलेल्या पत्रिका आमच्याहि पाहण्यांत आल्या असल्यामुळें आम्हांस ह्यांत मोठेंसें नवल वाटलें नाहीं.

आणि ह्या ठिकाणीं डिलोरियन व मंडळींनीं साठ वर्षांपूर्वीं नियमास दिलेली बगल आमच्या पुतण्याच्या आड आली. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ ही कागदोपत्रीं निराळी गाडी नव्हतीच, ती जादा सामान घेतलेली ल मान्स. म्हणून १९६५ सालीं जीटीओ आणि ल मान्स ह्या दोघींचाहि क्रमांक २३७ ह्या आंकड्यांनींच सुरू होतो. १९६६ पासून जीटीओस स्वतःचे २४२ हे आंकडे मिळाले. त्यापूर्वींच्या गाडीचा क्रमांक पाहून ती राजकन्या कीं दासी हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकण्याची रीतहि साधारणतः १९६८ पासूनची. उपाय एकच. पॉन्टिॲकच्या त्या वेळच्या पावत्यांचीं चित्रें सुदैवानें राहिलीं आहेत, आणि 'पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' ह्या नांवाची संस्था क्रमांक कळवून शुल्क भरलें कीं त्यांची नक्कल पाठविते. पुतण्यानें दाराच्या खांबावरील पट्टीचें छायाचित्र घेतलेंच होतें. त्यानें रात्रींच अर्ज केला.

उत्तर तिसऱ्या दिवशीं आलें. पावतीवर गाडी ल मान्स. इंजिन ३२६ घन इंचांचें. गिअर आपोआप बदलणारे. रेडिओ, पांढऱ्या कडेचे टायर. जीटीओच्या जादा सामानाची ओळ नव्हती. आम्हीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. नव्हती.

त्या रात्रीं घरांत फार कोणी बोललें नाहीं. पुतण्याच्या मनांत फोन करून "आमचा विचार बदलला" एवढेंच सांगावयाचें होतें. खरें सांगावयाचें तर आमचा सल्लाहि तोच होता. म्हातारा मनुष्य, छत्तीस वर्षें ज्या गोष्टीवर श्रद्धा ठेवली ती आपण कशाला मोडावी? आपले पैसे वांचले, विषय संपला. सूनबाई तोंवर भांडीं आवरीत होती. ती म्हणाली, "काका, आणि तो दक्षिणेकडचा माणूस?"

पुतण्या म्हणाला, "त्यानें आपली चौकशी आपण करावी."

"आज नाहीं केली. सहा महिन्यांनीं करील. मग ओहायोंत त्यांच्या लेकीच्या दारीं वकिलाची नोटीस येईल, आणि ऐंशी वर्षांच्या माणसावर लबाडीचा आळ येईल. आपल्या घरीं कागद आला होता, आणि आपण गप्प बसलों."

आम्ही ह्या घरांतले वडील. पण ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमचा सल्ला आम्हीं परत घेतला.

शनिवारीं आम्ही सर्व जण पुन्हां तिकडे गेलों. पुतण्यानें कागद त्यांच्या पुढें ठेवला आणि फार हळू आवाजांत सर्व सांगितलें. त्यांनीं तो दोनदां वाचला. रागावतील असें आम्हांस वाटलें होतें. ते उठले आणि गॅरेजमध्यें जाऊन त्यांनीं गाडीचें बॉनेट उघडलें. पॉन्टिॲकच्या इंजिनावर मागच्या अंगास, डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशीं, ओतकामाची तारीख असते. एक अक्षर महिन्याचें, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आंकडा. तेथें छत्तीस वर्षांची तेलाची पुटें होतीं. त्यांनीं फडक्यानें जागा पुसली, आणि बत्ती स्वतःच धरली. शेवटचा आंकडा ९ होता. १९६५ च्या गाडींत १९६९ सालीं ओतलेलें इंजिन. कारखान्यांत जन्म गेलेल्या माणसास ह्याचा अर्थ कोणी सांगावयास नको होता. कोणा तरी पूर्वीच्या मालकानें मोठ्या गाडीचें इंजिन घालून वर तीन अक्षरें बसविलीं होतीं, आणि १९८८ सालीं ती ह्यांच्या गळ्यांत बांधली होती. बराच वेळ ते बत्ती धरूनच उभे होते. मग म्हणाले, "माझ्या बायकोला ही फार आवडत असे," आणि बत्ती मालवली.

सूनबाईनें कोणास न विचारतां त्यांच्याच स्वयंपाकघरांत जाऊन सर्वांसाठीं चहा केला. अमेरिकेंत असें करतात कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांनीं तो घेतला.

दोन दिवसांनीं त्यांचा फोन आला. दक्षिणेकडील गिऱ्हाइकास त्यांनीं स्वतः कळविलें होतें, आणि तो गृहस्थ आभार न मानतां निघून गेला होता. आतां गाडी प्रतिकृति म्हणून विकावयाची. पुतण्यास हवी असल्यास २८,००० डॉलर. पुतण्यानें एक दिवस विचार केला, म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणें तो एक दिवस नुसता थांबला, आणि होय म्हणून कळविलें.

दादांस फोनवर आम्हीं सविस्तर सांगितलें. शेवटपर्यंत ऐकून त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे अठरा हजार वांचले, कीं अठ्ठावीस हजार गेले?" ह्याचा जमाखर्च ज्यानें त्यानें मांडावा. आमचें मत विचारल्यास, ह्या गाड्या सोन्यासारख्या ठेव म्हणून घेऊं नयेत. ह्यांच्या किंमती १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चढल्या आणि उतरल्या. २००८ च्या आर्थिक अरिष्टापूर्वीं पुन्हां चढल्या आणि पुन्हां उतरल्या. १९७० सालीं जीं पोरें दुकानाच्या कांचेस नाक लावून त्या पाहत, तीं आज सत्तरी ओलांडून गेलीं आहेत. त्यांच्यामागें हा हव्यास कितीसा टिकेल कोण जाणे. घ्यावयाची तर चालविण्यास घ्यावी. प्रतिकृतीचा हाच एक गुण कीं, तिला पावसांत न्यावयास भीति वाटत नाहीं. एका रविवारीं आम्हांस मागच्या आसनावर बसवून पुतण्यानें ती पन्नास मैल फिरविली. कमरेचे पट्टे मागाहून बसविलेले होते, पण पाठीस टेंका असा नाहींच, आणि आवाज इतका कीं आम्ही उभयतां पन्नास मैल एकमेकांशीं एक शब्द बोललों नाहीं. मंडळींच्या मतें तेवढाच विसावा.

गाडी ताब्यांत घेतली त्या दिवशीं म्हाताऱ्याबुवांनीं किल्ल्यांबरोबर ती वहीहि दिली. घरीं आल्यावर पुतण्यानें पहिलें पान उघडलें. जीटीओ ह्या अक्षरांवर त्यांनीं पट्टी धरून सरळ रेघ मारली होती, आणि शेजारीं त्याच ठळक अक्षरांत 'ल मान्स' असें लिहून खालीं तारीख घातली होती. शेवटच्या नोंदीनंतर एक ओळ सोडून पुतण्यानें त्या दिवसाचे मैल लिहिले, आणि तेल तपासून तेंहि लिहिलें.